अळणी

अनिताने पातेल्यातल्या कांद्यावर झाकण ठेवलं आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. कांदा लाल होऊ द्यायचा नाही, नुसता मऊ पडू द्यायचा; अर्धा तास लागला तरी लागू दे, असं तिला रोह्याच्या गेस्टहाउसवर त्या म्हाताऱ्या इटालियन इंजिनियरने शिकवलं होतं. कंपनीत मशीन बसवायला आलेले पाच जण आठ महिने तिच्या हातचं जेवले. चौघांना काहीही चालायचं. पाचवा मात्र रविवारी बाह्या सरसावून स्वयंपाकघरात शिरायचा, भाज्या चिरायचा आणि अर्धं खुणांनी, अर्धं मोडक्या इंग्रजीत सांगायचा, की हे आमच्या घरचं सूप, सोबत भात नको, पोळी नको, एक वाडगा खाल्ला की जेवण झालं. त्याला लागणारा एक पाला पेणच्या बाजारात कधी मिळाला नाही, म्हणून अनिता कोथिंबिरीच्या काड्या घालायची. त्याच्या सूपात पडणाऱ्या सुक्या घेवड्याच्या दाण्यांच्या जागी तिने ओले पावटे घातले, तेव्हा म्हाताऱ्याने तीन वाडगे खाल्ले होते.

माघ सरत आला होता आणि पावटे अजून कोवळे मिळत होते. गाजर, फरसबी, दुधी, कोबी चिरून तयार होतं. टोमॅटो सकाळीच बाजारातून आणले होते.

"किती येळ लावतंस गो?" सीताबाई दारातून म्हणाली. "नुसती भाजी ती."

"होईल आये. बाबा उठलेत?"

"बसवलाय खांबाला टेकून. पन खातील काय? काल दोन घास खाऊन ताट सारलं. तोंडात माती घेतल्यासारखी लागते म्हनतात."

गेले पाच महिने बापाच्या तोंडात ती माती तिनेच घातली होती.

तिच्या बापाने, जनूने, चाळीस वर्षं खाडीकाठच्या मिठागरात काढली. खाऱ्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि मीठ किती दिवसांत धरेल ते सांगायचा. मालकाचा मुकादमही त्याला विचारल्याशिवाय फावडं लावू देत नसे. गणपती झाल्यावर त्याचे पाय सुजले, चार पावलांत दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय, अंगात पाणी साठतंय, मीठ पूर्ण बंद. जनू तेव्हा हसला होता. मिठाच्या माणसाला मीठ बंद, म्हणजे गंमतच झाली म्हणाला. घरात दुसरं कोणी हसलं नाही.

कमावती अनिता, तेव्हा कायदाही तिचाच. तिने मिठाची बरणी उचलून शेजारच्या काशीबाईकडे नेऊन ठेवली. सुकी मासळी गेली, पापड गेले, लोणचं गेलं. मिठागरवाल्याच्या घरात चिमूटभर मीठ नाही, याची गावाने बरीच चेष्टा करून घेतली. दिवाळीनंतर एकदा जनू मिठागराच्या बांधावरून परत आला तो उजवी मूठ मिटून. अनिताने चार माणसांसमोर त्याची बोटं एकेक करून उघडली आणि आतला खडा गटारात फेकला. बासष्ट वर्षांचा माणूस रिकामा हात तसाच घेऊन घरात गेला. त्या उघडलेल्या मुठीची तिला आता इतकी लाज वाटत होती, की बापाच्या हाताकडे बघवत नव्हतं.

कारण काल ती एकटीच रिपोर्ट घेऊन पनवेलला गेली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि पाकिटात परत घातला.

"पथ्य आता राहू द्या," ते म्हणाले. "जे आवडतं ते खाऊ द्या त्यांना."

"होली तरी..." एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"होळीचं मी काही सांगू शकत नाही, बाई."

घरी आल्यावर तिने सांगितलं, की डॉक्टर बरं आहे म्हणाले, औषधं तीच ठेवलीत. सीताबाईने लगेच देवापुढे साखर ठेवली.

आज सकाळी बाजारातून येताना अनिता मुद्दाम बांधावरून आली. नव्या मिठाचे ढीग उन्हात पडले होते. तिने एका ढिगातून मूठभर उचललं, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि मागे न बघता घराची वाट धरली.

भाज्या शिजून पळी जड झाली. शेवटी मॅकरोनी पडली. मीठ फक्त बापाच्या वाडग्यात घालायचं, असं तिने वाटभर ठरवलं होतं. पण सीताबाई पाणी भरायला मागच्या दारी गेली, तेवढा एकच क्षण मोकळा सापडला आणि अनिताने गाठ सोडून मीठ सरळ पातेल्यात टाकलं. ते ढवळत असताना तिच्या लक्षात आलं. आईसुद्धा याच पातेल्यातलं खाणार होती. पाच महिने सीताबाईने जिभेला मीठ लावलं नव्हतं. नवऱ्यासमोर खारट घास आपल्या घशाखाली उतरणार नाही, म्हणाली होती. तीही याच मिठागरात पाट्या वाहून म्हातारी झालेली. पहिल्याच चमच्याला तिला सगळं कळलं असतं.

काही सुचायच्या आत सीताबाई आली, तिने वाडगा भरला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"खावा. पोरीनी सकालपासून जीव घातलाय."

जनूने चमचा तोंडात घातला. त्याचा जबडा थांबला. घास तसाच तोंडात ठेवून त्याने अनिताकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आश्चर्यही फार टिकलं नाही. मग तो ज्या शांततेने पाण्याचा अंदाज सांगायचा, ती शांतता चेहऱ्यावर आली. अनिताने मान खाली घातली. त्याने घास गिळला.

"कसा झालाय?" सीताबाईने विचारलं.

"अळनी," जनू म्हणाला. "कसा असनार?"

आणि तो खाऊ लागला. काल दोन घासांवर ताट सारणारा माणूस वाडगा निपटून पुढे करत होता. सीताबाईने दुसऱ्यांदा भरला. तिसरा तिने काठोकाठ भरला. मग तिने स्वतःचा वाडगा जवळ ओढला आणि पळी पातेल्यात घातली.

"तू नको घेऊ," जनू म्हणाला.

"का?"

"तू भाकर खा. कालची वालाची भाजी हाय ना. ह्यो सगला मना लागेल."

"सगला?" सीताबाई हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. "खावा, खावा. मना काय, मी भाकर खाते." आणि ती पदर सावरत अंगणात गेली. काशीबाईला हाक मारून ती सांगत होती, तीन वाडगे खाल्ले गो, इटलीचा कालवन, पोरीच्या हातचा.

जनूच्या कपाळावर घाम आला होता. दोन चमच्यांमध्ये तो थांबून श्वास ओढत होता.

"बाबा, पुरे," अनिता हळूच म्हणाली. "राहिलेलं मी टाकून देते."

"तुजी आय पातेला भाकरीनी पुसून खाते. ठाव नाय तुला?" त्याने वाडगा पुढे केला. "निपटून घाल."

तिने निपटून घातलं. तो शेवटपर्यंत जेवला, मग पाणी मागितलं. पाणीही त्याला मोजूनच द्यायचं होतं; औषधाच्या मापाचा पेला होता तेवढंच तिने दिलं. त्याने आणखी मागितलं, तेव्हा तिने तांब्याच पुढे ठेवला. पातेलं मागच्या दारी नेऊन तिने त्यात पाणी ओतलं आणि राखेने दोनदा घासलं.

परत आली तेव्हा जनू खांबाला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. सीताबाई त्याच्या पायाशी बसून तळवे चोळत होती.

"उद्या दुप्पट कर गो," ती म्हणाली. "मानवला त्यांना. आनि ह्ये बग, सूज पन उतरल्यागत वाटते आज."

तिने घोट्यावर अंगठा दाबून दाखवला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"बग ना गो. कमी हाय ना?"

जनूने डोळे उघडले नाहीत. अनिता आईच्या शेजारी टेकली आणि बापाचा दुसरा पाय तिने मांडीवर घेतला.

"व्हय आये," ती म्हणाली. "कमी हाय."