हलू नका!

"हलू नका! श्वास रोखा!"

झालं! तळ्याकाठी दबा धरून बसलेले सगळे दचकले आणि हजारो मैल उडून आलेले ते पाहुणे पक्षी फडफडाट करत पार पलीकडच्या काठाला गेले. बारा कॅमेरे होते, पण एकाच्याही हाती काही लागलं नाही.

"काका, ते पेशंट नाहीत हो!" फोटो क्लबचे अध्यक्ष रडकुंडीला आले होते. "तासभर चिखलात बसलोय आम्ही!"

एक्सरेकाका मेल्याहून मेल्यासारखे झाले. छत्तीस वर्षं इस्पितळात एक्स-रे काढले. बटण दाबायच्या आधी हे शब्द तोंडून गेले नाहीत असा एक दिवस नव्हता. माणूस निवृत्त झाला, जीभ काही होईना.

आणि आज तर चूक परवडणारीच नव्हती. क्लबच्या गाडीत जागा बारा आणि बाहेर रांग ही मोठी. म्हणून नियम कडक होता. लागोपाठ तीन सहलींत एकही फोटो प्रदर्शनात लागला नाही, तर जागा सोडायची. काकांची ही तिसरी सहल. निघताना बायकोनं डबा हातात देत विचारलं होतं, "अहो, आज तरी?"

दुपारभर कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. काका आपल्या जुन्या, आखूड लेन्सच्या कॅमेऱ्याची काच पुसत बसले. इतरांच्या हातभर लेन्सांपुढे तो म्हणजे खेळणंच.

संध्याकाळी त्याच तळ्याकाठच्या उघड्या रंगमंचावर नाच होता. मुख्य नर्तकी पन्नाशीची, पण काय तिचा झपाटा! सूर्य बुडता बुडता सकाळचे पक्षी रांगेनं मंचावरून परतू लागले आणि क्लबची धांदल उडाली. लांब लेन्समध्ये एक तर बाई मावे, नाही तर पक्षी. काकांच्या खेळण्यात दोन्ही मावत होतं! पण उजेड इतका कमी, की ती जरा हलली तरी फोटो फिसकटणार. आणि ती तर गरगर फिरत होती.

बाकीचे तिचे पाय बघत होते. काका बघत होते बरगड्या. छत्तीस वर्षं दुसरं केलं काय होतं? बरगड्या वर आल्या, ती एका पायावर थांबली, हात पसरले, श्वास छातीत. काकांच्या घशाशी शब्द आले. ते त्यांनी ओठ घट्ट मिटून गिळले आणि बटण दाबलं.

एकदाच. एक्स-रेची फिल्म वाया घालवायची इस्पितळात सवयच नव्हती.

"एकच काढलात?" शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकच."

रविवारी प्रदर्शनाच्या दालनात अध्यक्षांनी मधल्या फोटोवरचा कागद ओढला. नर्तकी कोरून काढल्यासारखी स्पष्ट होती आणि तिच्या डोक्यावरून पक्ष्यांची रांग चालली होती.

"माझे चारशे फोटो," अध्यक्ष म्हणाले, "सगळे हललेले. काका, पुढच्या सहलीला खिडकीची जागा तुमची. फक्त ओरडू नका, पाया पडतो!"

हशा आणि टाळ्यांनी दालन दणाणलं. नर्तकी स्वतः पुढे आली. "मी श्वास नेमका कधी रोखला, हे तुम्हाला कळलं कसं हो?"

काकांना खूप सांगायचं होतं. पण ते नुसतेच छाती फुगवून, ताठ उभे.

बायकोनं हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "सोडा आता श्वास."