तांदळाच्या डब्यातली हार्ड डिस्क

मित्रांनो, मी तुमच्या कंपासपेटीएवढीसुद्धा नाही, पण माझ्या पोटात अर्ध्या मावळाचे चेहरे आहेत. मी हार्ड डिस्क, वय वर्षं अकरा. आम्हा डिस्कांमध्ये हे म्हातारपणच समजा.

कारखान्यातलं बालपण मला फारसं आठवत नाही. आठवतो तो तळेगाव दाभाड्यातला, स्टेशनजवळचा यशोधराताईंचा फोटो स्टुडिओ. बारशाचे, साखरपुड्याचे, दहावीच्या फॉर्मचे, सगळे फोटो ताई माझ्याकडे सोपवायच्या. "आमच्या डिस्कला विचारा, तिला सगळं ठाऊक!" असं त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा मी फुगून जायची. त्याच कौतुकानं घात केला. दुसरीकडे एखादी प्रत ठेवावी, हे ताईंच्या मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांचा पाय वायरीत अडकला आणि मी टेबलावरून फरशीवर आपटले. पोटातून टक् टक् आवाज येऊ लागला. ताईंचा भिजलेला मोबाइल एकदा तांदळात ठेवून सुधारला होता. तोच उपाय त्यांनी माझ्यावर केला! तीन दिवस मी इंद्रायणी तांदळाच्या डब्यात. अहो, मी पडले होते, भिजले कुठं होते? आजार तसाच राहिला, वर वायर लावायच्या तोंडात कोंडा गेला. मग माझी रवानगी खणात झाली. वाईट वाटलं, पण ताईंवर मला रागावता येईना. मी तांदळात असताना झाकण उघडून दिवसातून चारदा त्या मला बघून जायच्या.

महिन्याभरानं डोंगरातल्या वाडीवरून शिदूआबा आले. त्यांची बायको, सावित्राबाई, आठवड्यापूर्वीच वारली होती.

"ताई, परवा दहावा हाय. तिचा फोटू मांडाया पायजे. पेन्शनीच्या कागदाला तुमीच काढलावता न्हवं? चार निघालंवतं, चारी कागदावर गेलं. घरात दुसरा न्हाई."

ताईंनी मला खणातून बाहेर काढलं. "आबा, माझ्याकडे आहे तो. पण डिस्क बिघडलीय."

"आसंल तर द्या. मी बसतो," आबा म्हणाले आणि बाकावर बसले.

ताईंनी शटर ओढलं आणि मला व आबांना घेऊन सार्थकच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आल्या.

"मावशी, हिच्यात कोंडा कसा?" सार्थकनं विचारलं. ताई छताकडे बघू लागल्या. "असू दे. सारखी सारखी चालू करून बघितली नाहीत, तेवढं बरं केलंत. दर वेळी आतलं आणखी खरवडलं जातं."

माझ्याकडचं सगळं तो दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊ लागला. मी अडखळले की तो थांबायचा आणि पुन्हा हळूच विचारायचा. इतक्या मायेनं मला कुणी कधी वाचलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, सावित्राबाईंचा फोटो होता नेमका तोच भाग गेला होता. सकाळपासून येऊन बसलेले आबा पिशवी उचलून उठू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण मित्रांनो, आमचं एक गुपित आहे. तुम्ही काही पुसलंत, की आम्ही आधी फक्त यादीतून त्याचं नाव काढतो. त्या जागी दुसरं काही येईपर्यंत ते आत तसंच असतं. सार्थक पुसलेल्या फोटोंमध्ये शोधू लागला आणि सावित्राबाई सापडल्या! पेन्शनीच्या फोटोआधी काढलेला, पण बिघडला म्हणून ताईंनी पुसलेला तो फोटो होता. ऐन वेळी आबा बायकोचा पदर सारखा करायला पुढे झाले होते. त्यांचा हात तिच्या खांद्यावर आला होता आणि बाई तोंडभर हसत होत्या.

"हात कापून देतो, आबा. पाच मिनिटांचं काम," सार्थक म्हणाला.

"नगं." आबांनी पडद्याला बोट लावलं. "ती हसती कशापायी? त्यो हात हाय म्हून. ऱ्हाऊ दे."

आता ताई प्रत्येक फोटो दोन ठिकाणी ठेवतात. तुम्हीही ठेवा, आम्हा एकेकटीला एवढं ओझं झेपत नाही. पडलो तर आम्हाला तांदळात घालू नका, जाणत्याकडे न्या. आणि बिघडलेले फोटो पुसायची घाई करू नका. शिदूआबांच्या भिंतीवर आज तसलाच एक आहे. दहाव्याला त्याच्यापुढे बसलेली सगळी वाडी रडता रडता हसली.