नारदाची गादी गाडीच्या टपावर

घरी कीर्तन असलं की पद्मिनीताई पेटीवाल्याला पाट देत, तबल्याला चौरंग देत, पण या सगळ्याच्या आधी नारदाची गादी अंथरत. गादी म्हणजे एक जाड, दुपदरी, काळपट लाल सतरंजी, कीर्तनकाराला पुढेमागे नाचता येईल एवढी ऐसपैस. कीर्तन उभं राहतं ती जागा नारदाची. तिच्यावर पाय पडायचा तो कीर्तनाला उभं राहणाऱ्याचाच. अमरावती सोडून लखनौला येऊन एकतीस वर्षं झाली, विकास नगरातल्या या घरात कितीतरी आख्यानं रंगली, पण ताईंनी स्वतः त्या सतरंजीच्या कडेलाही कधी पाऊल लावलं नव्हतं. घडीसुद्धा त्या बाहेर बसून, हात लांब करून घालत.

मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळपासून त्यांच्या जिवाला घोर होता तो मात्र कीर्तनाच्या तयारीचा नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या गाडीचा होता.

ती गाडी विनयरावांचं खूळ. संशोधन संस्थेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी सतरा सीटची व्हॅन आणली, सीटा काढून टाकल्या, आत दोन बाजांएवढे पलंग केले, ओटा केला, आणि आता टपावर सोलरची तीन पॅनलं बसवली होती. हा सगळा खटाटोप ताईंसाठीच होता, हे ताईंनाही ठाऊक होतं. कार्तिकात नीमसारला, म्हणजे नैमिषारण्यात, सात दिवस कीर्तन असतं. धर्मशाळेच्या फरशीवर ताईंची कंबर धरते आणि विनयरावांचं इन्सुलिन फ्रिजवाचून टिकत नाही. "गाडीत झोपू," विनयराव म्हणाले होते, "उन्हावर फ्रिज चालेल, पंखा चालेल. तू पोटभर कीर्तन ऐक, मी पोटभर झोपतो."

पण शुक्रवारी पॅनलं बसवायला आलेल्या विपुलने जे सांगितलं, ते ताईंच्या मनातून जाईना. विपुल अलीगंजचा, कामाला चोख, बोलायला गोड. ताक प्यायला खाली उतरला तेव्हा त्याने सूर्याकडे बोट दाखवलं.

"आंटी, घर की बिजली का स्विच दीवार पे होता है. इसका स्विच ऊपर है. ढका है तो बंद, खुला है तो चालू."

"म्हणजे बटण नाहीच?"

"ना. और तीनों जुड़ गए, सवा सौ वोल्ट से ऊपर. ये वाली बिजली पकड़ ले तो छोड़ती नहीं. मुट्ठी बंद हो जाती है. घबरा के कोई हाथ लगा दे, तो वो भी गया. पहले ऊपर ढको, बाकी सब बाद में."

"अरे भैया, इनको मत डराओ," विनयराव हसत म्हणाले. "गाडी दारात उभी करू देणार नाही ती."

आतलं तारांचं काम विपुल सोमवारी करणार होता. पण विनयरावांना कुठला दमधीर? संध्याकाळी कीर्तन करायला येणाऱ्या लतिकाताईंना गाडीतल्या पंख्याखाली बसवून चहा पाजायचा, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

"तारेला हात लावायचा नाही," सकाळी ताईंनी बजावलं. "मागच्या वर्षी छातीत स्टेंट बसलीय तुमच्या."

"नुसतं बघतो गं."

"बघताना पक्कड कशाला लागते हातात?"

विनयराव पक्कड घेऊन गाडीत शिरले. पूर्वा, त्यांची मुलगी, लतिकाताईंना आणायला अमौसी विमानतळावर निघाली होती. ती चपला घालता घालता म्हणाली, "मम्मा, टेन्शन मत लो. पापा को सब आता है."

"त्यांना सगळं येतं, तेच टेन्शन आहे," ताई म्हणाल्या.

दहा वाजून गेले. ऊन पांढरं पडलं, लूचा तापलेला वारा सुटला. ताईंनी बैठकीची खोली झाडली, पुसली, आणि गादी काढायला वरच्या मजल्यावर जाऊन ट्रंक उघडली. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या. सतरंजी नव्हती.

कपाट पाहिलं, पलंगाखाली पाहिलं. मग त्या बाल्कनीत आल्या आणि कठड्यापाशी थबकल्या. गाडी भिंतीला चिकटवून उभी केली होती, तिचा टप बाल्कनीच्या हातभर खाली. आणि टपावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नारदाची गादी पसरली होती. चारी कोपऱ्यांवर चार विटा. मधोमध विनयरावांची एक जुनी चप्पल, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेली.

ताईंच्या डोळ्यांपुढे दुसरं काही राहिलं नाही. चप्पल. गादीवर चप्पल. त्यांनी कठड्यावरून वाकून सतरंजीची कड पकडली आणि दोन्ही हातांनी ओढली. विटा घसरत पलीकडे अंगणात धपाधप पडल्या. सतरंजी वळकटीसारखी गोळा होत त्यांच्या छातीशी आली, आणि खालची काच उन्हात लखकन चमकली.

तेव्हा तो आवाज आला.

गाडीच्या आतून, दात मिटून कुणीतरी एकच सूर धरावा तसा. हं, एवढंच, लांबत जाणारं. विनयरावांना सूर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. ताईंना क्षणभर वाटलं, आपल्याला चिडवायला गातायत. मग त्यांच्या लक्षात आलं की या सुरात मधे श्वास नाही.

सतरंजी इथे कशासाठी घातली होती, ते त्यांना तेव्हा कळलं.

पाय जिन्याकडे वळले होते. खाली धावायचं, हात धरून त्यांना ओढायचं. एक पायरी उतरल्या आणि विपुलचं बोलणं कानात वाजलं. घबरा के कोई हाथ लगा दे. त्या माघारी फिरल्या. छातीशी धरलेली सतरंजी कठड्यावरून फेकली. ती अर्ध्या टपावर ढिगासारखी पडली. बाकीची काच उघडीच राहिली, आणि आतला आवाज थांबला नाही.

ताईंचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. स्टुलावर चढायचं म्हटलं की त्या पूर्वाला हाक मारत. त्याच ताईंनी पातळ आवळलं, कठड्यावरून एक पाय टाकला, मग दुसरा, आणि टपावर उतरल्या. पाय पडला तो थेट गादीवर. नारदाच्या गादीवर, अनवाणी, धुळीचा. थांबायला वेळ नव्हता. गुडघ्यांवर रांगत त्यांनी सतरंजीचं एक टोक पुढे नेलं, दुसरं मागे. काच तव्यासारखी तापली होती, तळवे भाजत होते. दोन पॅनलं झाकली. तिसऱ्याचा कोपरा उरला, कारण सतरंजी तिरपी पडली होती आणि वारा तिला उचलत होता. ताई त्या कोपऱ्यावर पालथ्या पडल्या, पदर डोक्यावरून पुढे पसरला, हात फाकवून कड दाबून धरली.

सूर तुटला. खाली काहीतरी जड आपटलं.

मग काहीच नाही.

त्या आवाजापेक्षा ही शांतता वाईट होती. "अहो," त्यांनी हाक मारली. लू कानाशी घोंगावत होती. "अहो, बोला ना." पत्र्याला कान लावला, तर स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू आले. उतरून बघावं तर कोपरा उघडा पडणार, आणि तारा अजून त्यांच्या मुठीत असल्या तर? इथेच पडून राहावं, तर खाली कोण आहे त्यांच्याजवळ? आयुष्यभर त्यांनी आख्यानं ऐकली होती. नवऱ्याचे प्राण जातायत आणि बायको मागे मागे चाललीय, असंही किती वेळा ऐकलं, दर वेळी डोळे पुसले. पण तेव्हा शेवट ठाऊक असायचा. ताईंनी नाम घ्यायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना पुढचं अक्षर आठवेना.

"पद्मिनी."

आवाज फाटका होता, पण त्यात श्वास होता.

"उठू नकोस," विनयराव खालून म्हणाले.

"नाही उठत," ताई म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

"आधी साधी चादर घालून पाहिली होती," थोड्या वेळाने आतून आवाज आला. "मीटरवर शंभर दाखवत होतं. सतरंजीखाली जवळजवळ शून्य. तुला विचारलं असतं तर तू दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"फोन हाताला लागलाय. विपुलला बोलावतो."

विपुल येईपर्यंत पाव तास गेला असेल. शेजारच्या गच्चीवरून कुणी विचारलं, भाभीजी, वहाँ क्या कर रही हैं, तर ताईंनी मान वर केली नाही. विपुलची मोटरसायकल फाटकाशी थांबली. तो गाडीत शिरला, आणि मग खालून म्हणाला, "आंटी, उतर आइए. अंकल ठीक हैं. तार अलग कर दिए."

"पहले दिखाओ."

"आंटी, टेप मार दिया है."

"दिखाओ, बेटा."

विपुल शिडी लावून वर आला. काळी टेप गुंडाळलेली दोन्ही टोकं त्याने लांब ओढून ताईंच्या डोळ्यांसमोर, दोन वेगळ्या हातांत धरली. ताईंनी ती नीट पाहिली. मग मुठी सोडल्या.

दवाखान्यात ईसीजी निघाला. डॉक्टरांनी विनयरावांना चार वाजेपर्यंत समोर झोपवून ठेवलं, पुन्हा ईसीजी काढला, आणि हृदय शाबूत असल्याचं सांगितलं. दोन्ही तळव्यांवर भाजल्याचे पट्टे होते. पट्ट्या बांधून ते घरी आले तेव्हा लतिकाताई बैठकीत उभ्या होत्या, चिपळ्या हातात, आणि पूर्वा कोपऱ्यात अपराधी चेहऱ्याने.

"गादी?" लतिकाताईंनी हळूच विचारलं.

पद्मिनीताईंनी सगळं सांगितलं. चपलेचं सांगितलं, आपल्या पायांचंही सांगितलं. "ती अजून वरच आहे," त्या म्हणाल्या. "विपुल म्हणतो, आता धोका नाही. पण ऊन आहे तोवर मी तिला हात लावू देणार नाही कुणाला. मला क्षमा करा."

लतिकाताईंनी खिडकीतून वर पाहिलं. टपावरून सतरंजीची कड लोंबत होती; तिच्यावर विपुलने आता आठ विटा ठेवल्या होत्या.

"असू दे तिथेच," त्या म्हणाल्या. "नारद आज तिकडे कामात आहेत. मी फरशीवर उभी राहते."

सहाला कीर्तन सुरू झालं. लतिकाताईंनी उघड्या फरशीला हात लावून कपाळाला लावला आणि टाळ घुमले. पद्मिनीताई नेहमीच्या जागी बसल्या नाहीत. त्या विनयरावांच्या अगदी शेजारी बसल्या, मांडीला मांडी लावून. लतिकाताईंनी पहिला लांब सूर धरला, तसा ताईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी विनयरावांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं, छाती वर गेली, खाली आली.

बाहेर वाऱ्याने कसलीतरी कड फडफडली. ताई उठल्या, गर्दीतून वाट काढत जिना चढल्या आणि बाल्कनीत आल्या. ऊन पिवळं होऊन काचेच्या उंचीवरून तिरपं येत होतं. त्यांनी कठड्यावरून वाकून विटा मोजल्या. आठच्या आठ होत्या. तरीही सूर्य पलीकडच्या टाकीमागे जाईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या, सतरंजीच्या कडेवर हात दाबून.