बूट-कोटासकट वजन

वर डोंगराच्या धारेखाली आमच्या खोऱ्यातल्या लोकांची एक लाकडी झोपडी आहे. हिवाळ्यात तिथे फक्त स्नोमोबाइलनेच, बर्फावर पट्ट्याने चालणाऱ्या गाडीनेच, जाता येतं. आत एक शेगडी, दोन बाकं आणि भिंतीवर खिळे. प्रत्येक खिळ्यावर एकेकाचा कप. वर पोचलं की आपला कप काढायचा, गरम कोको प्यायचा, मूठभर बर्फाने कप घासायचा आणि परत टांगायचा. माझी बायको नेड्रा आपला कप कधीच घासायची नाही. "परत कोकोच तर प्यायचाय त्यातून," म्हणायची.

कुणी वारलं तर त्याच्या कपाला बाहेरचं माणूस हात लावत नाही. घरच्याने स्वतः वर यायचं, त्याच कपातून कोको प्यायचा आणि कप घरी न्यायचा. तोवर तो खिळ्यावरच राहतो. हा नियम कुणी केला ते मला ठाऊक नाही. माझ्या वडिलांच्या वेळीही तो होता.

नेड्रा ऑगस्टमध्ये गेली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे कप आणायचा तो मीच. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, मी काही ना काही कारण काढून घरीच बसलो. फेब्रुवारीत बर्फाच्या ओझ्याने झोपडीचं छप्पर एका बाजूला खचलं. ती उन्हाळ्यात पाडून नवी बांधायची ठरलं, आणि मार्च संपायच्या आत सगळे कप खोक्यांत भरून खाली आणायचे ठरलं. नेड्राचा कप असा खोक्यातून, दहाजणांच्या कपांत मिसळून यावा, हे मला सोसलं नसतं.

अडचण होती ती पाठीची. तरुणपणी घोड्याने पाडलं तेव्हापासून ती धड नाही. आणि माझ्या गाडीचे शॉकअप कंपनीने बसवलेलेच होते, आता त्यांतून तेल गळायला लागलं होतं. झोपडीच्या अलीकडे नाल्यावर एक चढ आहे. तिथे गाडी उतारावर आडवी धरून न्यावी लागते. मऊ बर्फात गाडी नीट बसली तर ती जाते, नाही बसली तर तुम्हाला घेऊन खाली घसरते. म्हणून मी चारही शॉकअप खोलले, पोत्यात भरले आणि लमारकडे नेले.

लमारच्या गाई आहेत. हिवाळ्यात तो गोठ्याच्या एका टोकाला लोकांचे शॉकअप नव्याने बांधून देतो. आतलं तेल बदलतो, पोलादाच्या पातळ चकत्या बदलतो आणि माणसाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगा घालतो. कंपनी सगळ्यांना एकच स्प्रिंग देते. लमार म्हणतो, कंपनीने ज्या माणसासाठी ती केली तो माणूस त्याने अजून पाहिलेला नाही. नेड्रा अंगाने बारीक होती. नवी गाडी तिला लाहीसारखी उडवायची. लमारने तिच्या मापाच्या स्प्रिंगा घालून दिल्या आणि त्यानंतर ती माझ्या पुढे असायची, कायम.

"वजन?" लमारने पोतं उघडत विचारलं. "बूट, कोट, हेल्मेट, पाठीवरची पिशवी, सगळं धरून."

"दोनशे तीस पौंड."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जाडजूड कोट घालूनच आत आलो होतो. त्याने फळीवर खडूने आकडा लिहिला.

ते माझं जुनं वजन होतं. नेड्रा गेल्यापासून मी धड जेवलो नव्हतो. पॅंट पट्ट्याने गोळा करून घालावी लागत होती. पण लमारला कळलं की त्याच्या बायकोला, जनीलला कळणार, आणि जनीलला कळलं की चर्चमधल्या सगळ्या बायकांना. मयतीनंतर त्या महिनाभर येत होत्या, चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी घेऊन. बिचाऱ्या प्रेमाने येत. पण प्रत्येक भांड्याबरोबर दारात उभं राहून मला सांगावं लागे की मी बरा आहे. ते परत नको होतं. आणि एका आकड्याने काय बिघडतं, असंही वाटलं.

दोन आठवड्यांनी शॉकअप बसवून लमार आणि मी निघालो. यंत्राने सपाट केलेल्या वाटेवर सगळं ठीक होतं. पुढे कुरणात वाट उखडलेली, एकामागून एक खळगे. तिथे गाडी मला खालून लाथा मारायला लागली. प्रत्येक खळग्यावर मी सीटवरून सुटायचो आणि परत आदळायचो. दात घट्ट आवळून कसाबसा नाल्यापर्यंत आलो. चढावर गाडी आडवी घातली तर ती बर्फात बसेचना. वरच्या वर तरंगल्यासारखी झाली, खालच्या पट्ट्याची पकड सुटली आणि ती कुशीवर पडून खाली घसरली. मीही तिच्यामागून घसरलो.

लमार उतरून धावत आला. "काही मोडलं?"

"नाही."

"हात हलव. पाय हलव."

"हलतंय सगळं. लमार, माझ्याने नाही होत. तूच वर जा आणि तिचा कप काढून आण."

"मी कोण तिचा?"

"माझ्याकडून आण म्हणतोय."

"नाही आणणार," तो म्हणाला. "बस इथेच. गाडी बघू दे."

त्याने गाडी सरळ केली आणि तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला. शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर रबराची एक बारीक रिंग असते. शॉकअप दबतो तशी ती सरकते आणि जिथवर सरकली तिथेच थांबते. त्यावरून तो सगळ्यात जास्त किती दबला ते नंतर दिसतं. लमारने बर्फ पुसला आणि रिंगकडे बघत राहिला.

"अर्ध्यावरसुद्धा आली नाही," तो म्हणाला. "तू गाडीवर बसला होतास की तिच्याशेजारून चालत होतास?"

मी हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिलो.

"त्या कुरणातून दोनशे तीसचा माणूस आला तर रिंग पार तळाला येते. ओर्वल, तुझं वजन किती आहे रे?"

"सांगितलं की तुला."

"कोटाची चेन उघड."

"थंडी आहे."

"उघड म्हणतो ना."

मी उघडली. तो बघत राहिला. पट्ट्याला मी खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं, तेही त्याला दिसलं.

"नेड्रा असताना होतं ते सांगितलं," मी म्हणालो. "आत्ता किती आहे ते मलाच ठाऊक नाही."

"जेवतोस काय तू?"

"सकाळी दूध आणि ब्रेड."

"आणि संध्याकाळी?"

"ब्रेड आणि दूध."

त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आलं. मग तो माझ्याशेजारी बर्फात बसला आणि त्याने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. "माझंही ऐक आता. तू दोनशे तीस सांगितलंस, त्यावर मी आणखी पंधरा चढवले."

"का?"

"कारण सगळे पुरुष वजन कमी करून सांगतात! हा धंदा सुरू केल्यापासून मी सगळ्यांना पंधरा चढवतो आणि सगळ्यांच्या गाड्या छान चालतात. जास्त सांगणारा बैल कधी येईल, हे मला कसं कळणार?"

"नेड्राला पण चढवायचास?"

"हिंमत होती का माझी? म्हणाली होती, एक पौंड जरी वाढवलास तर तुझं खरं वजन जनीलला सांगेन."

मला हसू फुटलं. पाठ दुखत असताना हसणं वाईट, पण थांबता येईना. ऑगस्टनंतर मी पहिल्यांदाच हसत होतो, आणि तेही नेड्राच्याच बोलण्यावर. लमारही हसत होता. मग आमचं दोघांचं हसणं संपलं आणि आम्ही नाल्याकडे बघत बसलो.

"कप तूच आणायचा," तो उठत म्हणाला. "चल खाली. स्प्रिंगा बदलू."

गोठ्यात जनील दारातच भेटली. लमारने तिला काय सांगायचं ते सांगितलं. मी तिथेच उभा होतो, तरी त्याने काही गाळलं नाही.

"काट्यावर उभा राहा," जनील मला म्हणाली.

"वासरांचा काटा आहे तो."

"वासरं अंगाने भरतात तरी. उभा राहा, बूट-कोटासकट."

मी उभा राहिलो. तिने आकडा वाचला, मोठ्याने बोलली नाही. हात पुसले, नसलेला कचरा पायाने बाजूला सारला. मग म्हणाली, "रविवारी चर्चमधून थेट इकडे जेवायला यायचं."

"जनील, कुणाला त्रास..."

"विचारलंय का मी तुला? आणि तुझ्या दारात कुणी भांडं घेऊन येणार नाही, मी बघते. तूच इथे यायचं. फुकट नाही, बटाटे सोलायचे. नेड्रा सांगायची, तुला सालं पातळ काढता येतात."

नेड्राने हे तिला कधी सांगितलं होतं कोण जाणे.

लमार स्प्रिंगांच्या खोक्यात हात घालत होता. मी म्हणालो, "नेड्राच्या गाडीतल्या घाल ना माझ्यात. नुसत्या पडून आहेत."

त्याने वर पाहिलं. "त्या घातल्या तर तू जमिनीवर टेकशील. ती तुझ्या निम्मी होती. नेड्राच्या त्या नेड्राच्या." मग त्याने दुसऱ्या काढल्या, माझ्या जुन्या मापाच्या नाहीत आणि काट्यावरच्याही नाहीत, मधल्या. त्यांच्या वरच्या टोकाला आट्यांची एक कडी असते. ती आवळली की स्प्रिंग ताठ होते, सैल केली की मऊ. त्याने ती सगळ्यात सैल ठेवली.

"आज तुला ही एवढी पुरे," तो म्हणाला. "तू जसा भरशील तशी मी आवळत जाईन."

मार्चच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तिघं निघालो. जनील पुढे, मी मध्ये, लमार मागे. कुरणातले खळगे तसेच होते, पण गाडी आता त्यांतून पोट खाली करून जात होती आणि माझी पाठ सीटवरच राहत होती. नाल्यावर मी वजन वरच्या बाजूला टाकलं, गाडी आडवी घातली आणि ती बर्फात बसली. नुसती बसली, मला काही करावं लागलं नाही. पलीकडे पोचल्यावर मी थांबलो, कारण डोळ्यांपुढची काच आतून धुरकट झाली होती.

झोपडीत खोऱ्यातले बाकीचे लोक खोकी घेऊन आले होते. छप्पर एका बाजूने टेकूवर उभं होतं. नेड्राचा कप दुसऱ्या ओळीत होता, निळा, कानापाशी टवका उडालेला. तळाला तिच्या शेवटच्या कोकोचा तपकिरी डाग वाळून बसला होता. जनीलचा हात सवयीने पुढे झाला आणि तसाच मागे गेला.

"थोडा विसळून घेशील का?" तिने हळूच विचारलं.

"नको."

मी कप काढला. लमारने किटलीतून कोको ओतला. बाकीच्यांनी मुद्दाम शेगडीत लाकडं घालायला घेतली, लागत नव्हती तरी. कोकोला जरा धुळीचा वास होता. मी सगळा प्यायलो, तळाचं खरवडूनसुद्धा. तिने आदल्या मार्चमध्ये ठेवलेलं ते मी संपवलं. मग कप मोज्यात गुंडाळून कोटाच्या आत घातला.

"चांगला होता?" लमारने विचारलं.

"गोड जास्त होता."

"नेड्रालाही मीच करून द्यायचो. तीही हेच म्हणायची," तो म्हणाला, आणि तिचा रिकामा खिळा पक्कडीने उपटून माझ्या हातात ठेवला.

तो खिळा आता माझ्या स्वयंपाकघरात ठोकलेला आहे आणि कप त्यावर आहे. खाली उतरल्यावर लमारने रिंग बघितली होती. तळापासून बोटभर वर थांबली होती, जिथे थांबायला हवी तिथेच. त्याने मला ती बोटाने दाखवली.

त्या दोघांचे आभार मी अजून मानलेले नाहीत. समोर गेलं की माझ्या तोंडून ते शब्द निघत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो. दर रविवारी मी बटाटे सोलतो, जेवतो, आणि नंतर लमार मला वासरांच्या काट्यावर उभा करतो. कालच्या रविवारी त्याने आकडा बघितला, पाना घेतला, गोठ्यातच ठेवलेल्या माझ्या गाडीपाशी वाकला आणि कडी एक आटा आवळली.