महादेवरावांची पगारी लेक

घरी पाहुणा आला, की चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत एक प्रश्न हमखास येतो : मुलं काय करतात? आपण सगळेच तो विचारतो आणि आपल्यालाही तो कधी ना कधी विचारला जातोच. नागपूरच्या मानेवाड्यात श्रमसाफल्य ले-आउट या वसाहतीत राहणारे महादेवराव काळबांडे या प्रश्नाचं उत्तर दोन वेगवेगळ्या आवाजांत द्यायचे.

पहिला आवाज खणखणीत. "रजत हिंगण्याले कंपनीत इंजिनियर आहे. कंपनीची बस चौकातून घेऊन जाते त्याले." मग धाकट्या मुलीची पाळी आली, की आवाज एकदम खाली. "रितिका ना... ती समाजसेवा करते. आवड आहे तिची." आणि लगेच पाहुण्यापुढे चिवड्याची बशी सरकायची.

खरं तर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. रितिका फिजिओथेरपिस्ट होती. धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी करायची. तिथे लकवा मारलेले रुग्ण यायचे, दोनदा-तीनदा दिसायचे आणि मग नाहीसे व्हायचे. कारण अंथरुणावरच्या माणसाला उचलून रोज धंतोलीला आणायचं कोणी? हे तिला सहन होईना. म्हणून ती 'उभारी' या संस्थेत लागली. ही संस्था अशा रुग्णांच्या घरी माणूस पाठवते आणि रुग्णाकडून काही घेत नाही. रितिका स्कूटर घेऊन कामठीपासून हिंगण्यापर्यंत घरोघर जायची, व्यायाम करून घ्यायची आणि संस्था तिला दर महिन्याला पगार द्यायची.

हा पगारच महादेवरावांच्या घशात अडकला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते ले-आउटच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष होते. दर उन्हाळ्यात मंडळाची पाणपोई लागायची : कडुनिंबाखाली लाल रांजण, त्यात वाळ्याची जुडी, वर फलक. पाणी भरायची सदस्यांची पाळी ठरलेली आणि सगळं मोफत. सेवेला पैसा लागला की ती सेवा बाटते, असं महादेवरावांचं ठाम मत होतं. आणि आपली पोरगी लोकांच्या दानातून पगार उचलते, हे त्यांना चारचौघांत सांगवेना.

एके दिवशी मंडळाचे सचिव श्रीधरपंत घरी आले. छप्पन्न चौकशा करणारा माणूस. "समाजसेवा करते म्हणजे नोकरीच ना? पगार वगैरे?" त्यांनी विचारलं.

"छे! पगार कसला? एक रुपया घेत नाही पोरगी," महादेवराव बोलून गेले.

तोंडातून निघालेला शब्द आणि कालव्यात सोडलेलं पाणी मागे घेता येत नाही, हे पाटबंधाऱ्यात जन्म घालवलेल्या माणसाला कोणी सांगावं? श्रीधरपंतांचे डोळे भरून आले. आणि दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर झालं : 'वर्धापनदिनी, एक रुपयाही न घेता रुग्णसेवा करणाऱ्या आपल्या कु. रितिका काळबांडे हिचा निष्काम सेवेबद्दल जाहीर सत्कार!'

आईच्या, म्हणजे कुसुमताईंच्या फोनवर रितिकानं ते वाचलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, एक रुपयाही न घेता, हे कोणी सांगितलं?"

महादेवराव वरणात लिंबू पिळत राहिले. "एका दिवसाचा कार्यक्रम आहे. शाल घे, नारळ घे, घरी ये. कोण विचारून राहिलं तुले?"

"पण हे खोटं आहे न."

"मग काय सांगू लोकाईले? लोक दान देतात आन माही पोरगी त्यातून पगार उचलते, असं सांगू?"

"हाव. तसंच सांगा. मी काही चोरी करून राहिली का?" रितिकाचा आवाज चढला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. "शाल घेतली त खोटेपणा होते, नाही घेतली त तुमचं नाक जाते. कार्यक्रमाच्या आधी तुम्हीच श्रीधरकाकांले खरं सांगून द्या. नाहीतर मले माइकवर सांगावं लागन."

"सेवा मोफतच राह्यते, रितिका. पैसे घेतले त तो धंदा झाला."

पोळी वाढता वाढता कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्हाले सारी उमर डबा मोफत भेटला. म्हणून तुम्हाले मोफतचं लय कौतुक."

त्या दिवशी महादेवरावांनी दुसरी पोळी घेतली नाही. पण श्रीधरपंतांनाही काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणता म्हणता कार्यक्रमाचा आदला दिवस उजाडला.

त्या दिवशी भर दुपारी दारात मारोतराव उभे राहिले. हे महादेवरावांचे शाळासोबती. कामठीला त्यांचं छोटंसं कापड दुकान होतं. बायकोला, पार्वताबाईला लकवा मारला तेव्हा दुकान मुलाच्या हाती देऊन ते तिच्या उशाशी बसले होते. नागपूरचं मे महिन्याचं ऊन म्हणजे माणसाला उभ्या उभ्या भाजणारं. कामठीहून ऑटो, मग मेट्रो, मग पुन्हा ऑटो करून आलेला हा गडी दारातच ओरडला, "महादेवा, पह्यले पाणी पाज गा! तुह्या पाणपोईचा फलक पाहून खुशीत गेलो, त रांजणाच्या तळाले निंबाचा पाला."

महादेवराव ओशाळले. मित्राला पाणी देत म्हणाले, "आज श्रीधरपंताची पाळी होती. भाचीचं लग्न निघालं भंडाऱ्याले. काल जोशीबाईची होती, तिले ऊन लागलं."

"मग बोलला नाहीस का त्याईले?"

"कसा बोलू? बिचारे फुकट करून राहिले. फुकट करणाऱ्याले जाब विचारता येते का?"

मारोतरावांनी तांब्या रिकामा करून खाली ठेवला आणि मिशी पुसली. "वा! आता आला लाइनीवर. तुह्या पोरीनं फोनवर सारं सांगितलं मले. म्हणूनच आलो मी. आता ऐक."

महादेवराव काही बोलणार, तोच कुसुमताई आंब्याचं पन्हं घेऊन आल्या आणि तिथेच बसल्या. त्यामुळे पळायची वाट बंद झाली.

"पार्वता पडली, तवा पह्यले एक भला माणूस यायचा व्यायाम कराले," मारोतराव सांगू लागले. "मोफत. मनाचा देव, खोटं नाही बोलत मी. पण त्याच्या घरी पाहुणे आले, की आमच्याकडं सुट्टी. दिवाळी आली, सुट्टी. पार्वताचा उजवा हात असा आखडला, जसा मुठीत काही धरून ठेवला. मी त्याले बोलू शकलो नाही. वरून तो येईन तवा हात जोडाचो, नाश्ता कराचो, म्हणायचो, लय उपकार झाले. बायको अंथरुणावर आन मी उपकाराखाली."

मग त्यांचा आवाज बदलला.

"मग तुही पोरगी आली. पह्यल्याच दिवशी म्हणाली, काका, मी संस्थेची पगारी माणूस आहे, मी नाही आली त ऑफिसात तक्रार करजा. महादेवा, त्या दिवशी मले पह्यल्यांदा बरं वाटलं. मोफत येणारा माणूस त्याच्या सवडीनं येते गा. पगारी माणूस माह्या गरजेनं येते. एकदा ती उशिरा आली, त मी तिले रागावलो. रागावलो! आन ती म्हणे, बरोबर आहे काका तुमचं. गरिबाले रागवाचा हक्क कोण देते सांग?"

"पण दानाचा पैसा..." महादेवराव चाचरले.

"दान देणाऱ्याले काय पाह्यजे? पार्वता उभी राहावी, हे पाह्यजे. स्कूटरच्या पेट्रोलले दान चालते, व्यायामाच्या पट्ट्याले चालते, आन जे दोन हात तिले उभं करतात त्याईलेच तेवढं चालत नाही? देवळातल्या पुजाऱ्यानं दक्षिणा घेतली त पूजा खोटी होते का? आपल्या गुरुजीनं पगार घेतला म्हणून आपण अडाणी राह्यलो का? आन तू! सारी उमर कालव्याचं पाणी सोडलं. कालव्याच्या शेवटाले, टेलवरच्या शेताले पाणी पोचावं म्हणून सायकल मारत गेला, मले ठाऊक आहे. पुण्याचंच काम ते. पण पगार पह्यल्या तारखेले घेतलाच न? लाजला होता का तवा?"

महादेवरावांना टेलवरचं ते शेवटचं शेत आठवलं. तिथे पाणी पोचल्यावर शेतकरी बांधावर उभा राहून हात हलवायचा आणि घरी परतताना आपली छाती फुगलेली असायची. तेव्हा कधी मनात आलं नव्हतं, की आपण पैसे घेतो म्हणून हे काम उणं आहे.

"मोफत करणारे पाह्यजेतच," मारोतराव उठता उठता म्हणाले. "त्याईच्याशिवाय संस्था उभी राह्यत नाही. पण रोजच्या कामाले रोजचा माणूस लागते, आन त्या माणसालेही घर आहे, पोट आहे. तुही पोरगी धंतोलीची मोठी नोकरी सोडून कमी पगारात येते. तिचा पगार लपवाची चीज नाही, महादेवा. माह्या पार्वताच्या हाताचा भरवसा आहे तो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाचं सभागृह भरलं. कूलर घरघरत होते. व्यासपीठावर अध्यक्ष म्हणून महादेवराव, शेजारी श्रीधरपंत आणि टोकाच्या खुर्चीवर रितिका. भंडाऱ्याचं लग्न आटोपून श्रीधरपंत ताजेतवाने परतले होते. त्यांनी भाषण रंगवलं. "आजकालच्या स्वार्थी जगात, एक पैसाही न घेता..."

रितिकानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं नव्हतं, हे तिला कळलं. ती खुर्चीतून उठू लागली.

पण तिच्याआधी महादेवराव उठले! त्यांनी श्रीधरपंतांच्या हातून माइक घेतला.

"थांबा पंत. तुमची चूक नाही, चूक माही आहे. माही मुलगी पगार घेते. मी खोटं बोललो."

सभागृहात कुजबुज उठली. श्रीधरपंत गोंधळले. "अहो, मग ती नोकरीच झाली. निष्काम सेवा कुठे राहिली?"

"नोकरीच आहे," महादेवराव म्हणाले. त्यांचा आवाज आता खणखणीत झाला होता, रजतबद्दल बोलताना व्हायचा तसाच. "पंत, काल आपली पाणपोई कोरडी होती. आपण सारे मोफत करतो, म्हणून कोणी कोणाले बोललं नाही. तहानलेला माणूस रिकाम्या रांजणावरून परत गेला. माही मुलगी ज्याच्या घरी जाते, तिथं रांजण कोरडा राह्यत नाही. कारण ते तिचं काम आहे, तिची जबाबदारी आहे. मले याची लाज वाटत होती. आज मले माह्या लाजेची लाज वाटते. सत्कार कराचा असन त पगारी मुलीचा करा. नसन कराचा, तरी मले तिचा अभिमान आहे."

श्रीधरपंत हातातल्या शालीकडे पाहत राहिले. मग ते हळूच म्हणाले, "काल पाळी माझी होती. कोणी काही बोललं नाही, त्यामुळे मलाही काही वाटलं नाही." आणि त्यांनी शाल अध्यक्षांपुढे धरली.

महादेवरावांनी ती घेतली नाही. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मारोतराव उभे होते आणि त्यांच्या खांद्याला धरून पार्वताबाई उभ्या होत्या. कामठीहून मुलानं त्यांना गाडीत आणलं होतं. "वैनी, तुम्ही या," महादेवराव म्हणाले.

रितिका खाली धावली, पण तिनं त्यांना उचललं नाही. "आधी चांगला पाय, मावशी. हां. आता दुसरा," ती नेहमीसारखी म्हणाली. पार्वताबाई एकेक पायरी चढल्या. वर आल्यावर त्यांनी शाल डाव्या हातात घेतली, क्षणभर थांबल्या आणि उजव्या हातात दिली. तो हात सावकाश वर गेला. शाल रितिकाच्या खांद्यावर जराशी तिरकी पडली.

"घातली वं बाई, उजव्या हातानं घातली शाल," पार्वताबाई म्हणाल्या आणि टाळ्यांच्या कडकडाटात पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

त्या आठवड्यात मंडळानं पाणपोईसाठी शेजारच्या वस्तीतल्या एका बाईंना पगारावर नेमलं. सदस्यांनी वर्गणी काढली. श्रीधरपंत रोज सकाळी आपणहून जाऊन वाळ्याची जुडी बदलतात, तेही मोफत. रांजण मात्र एकदाही कोरडा पडलेला नाही.

वाचकहो, आपण दान देतो आणि सेवा करणाऱ्यानं ती उपाशीपोटी करावी, अशी मनात कुठेतरी अपेक्षाही ठेवतो. पण ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस दाराकडे डोळे लावून असतं, तिथे रोज पोचणारी माणसं लागतात. त्यांना सन्मानाचा पगार देणं हाही दानधर्मच आहे आणि तो पगार ताठ मानेनं घेणं हीही सेवाच आहे.

महादेवरावांकडे आजही पाहुणे येतात. पण आता ते प्रश्नाची वाट पाहत नाहीत. चहा यायच्या आतच त्यांचा मोठा आवाज अंगणापर्यंत ऐकू येतो. "माही मुलगी संस्थेत नोकरी करते. पगारी आहे!" आणि रजतचा नंबर मागाहून लागतो.