चार पेले पाणी

माझ्या धाकट्या बहिणीने दारात चप्पल काढली तेव्हा तिच्या पावलावर पट्ट्याची खोल खाच उमटलेली दिसली. मी तिला खुर्चीत बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा जरा वेळ तसाच राहिला. दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईच्या पायाला सूज यायला शंभर कारणं असतात, हे मला ठाऊक आहे. तरी तोंडातून निघालंच.

"लघवी कधी तपासलीस?"

"लोक पाणी विचारतात आधी," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात कारखान्यात तपासली. प्रोटीन नील, शून्य. साखर निघाल्याला अकरा वर्षं झाली, अकराही वर्षं नील. आमच्या खात्यातल्या बायका म्हणतात, मावशीची लघवी बाटलीत भरून विकायला हरकत नाही."

ती माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कॉलर लावते, आणि तिच्यासारखी कॉलर तिथे कुणाची बसत नाही. मी मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं लघवीच्या टेबलावर काढली. सासरी मला स्वयंपाकघरात शिरण्याआधी दोनदा हात धुवायला लावत आणि पाहुण्यांना सांगत, सूनबाई हॉस्पिटलात 'कागदपत्रं बघते'. मी सुरुवात केली तेव्हा आम्ही काचेची नळी तिरकी धरून वरचं टोक ज्योतीवर तापवायचो. पांढरा ढग धरला की आम्लाचे दोन थेंब सोडायचे. ढग विरला तर ठीक, टिकला तर प्रथिनं जातायत. तो वास, ती निळी ज्योत, खिडकीतून नळ्यांवर पडणारं ऊन अजून डोळे मिटले की दिसतं. मग रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या आणि ज्योत विझली.

"सकाळची पहिली देता ना?" मी विचारलं.

"सकाळची कुठली? दहाला रांग लागते. दवाखान्याच्या दारात पाण्याचं पिंप ठेवतात. चार पेले प्यायल्याशिवाय नर्सबाई बाटली देत नाही. नव्वद बायका आणि दोन संडास, ताई. एक अडून बसली तर सगळी लाइन थांबते. एरवी संडासला दुसऱ्यांदा उठलं की सुपरवायझर घड्याळ बघतो, म्हणून वर्षभर आम्ही घोट घोट पितो. त्या एका दिवशी मात्र पोटाचा माठ." ती हसली. "मी पाच पिते. माझी कशी पाण्यासारखी येते."

पाण्यासारखी येणारच. पाणीच होतं ते. चिमूटभर रंग पेल्यात दिसतो, घागरीत दिसत नाही. मधुमेहात किडनीची जाळी सैल व्हायला लागते तेव्हा आधी अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपतं, तेही चिमूटभर. पट्टीला ते घट्ट लघवीतही मुश्किलीने कळतं, पाच पेल्यांत बुडवल्यावर काय कळणार? त्यासाठी वेगळी तपासणी असते. अल्ब्युमिन किती आणि त्याच लघवीत क्रिएटिनिन, म्हणजे रोज ठरावीक बाहेर पडणारा कचरा, किती, हे दोन्ही मोजून एकाला दुसऱ्याने भागायचं. पाणी प्यायलं तर दोन्ही सारखीच पातळ होतात, भागाकार तोच राहतो. तिसाच्या आत असला तर बरं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून सकाळची पहिली घेतली आणि माझ्या जुन्या लॅबमध्ये दिली. आकडा आला दोनशे चौदा.

"एका आकड्यावर जायचं नाही," मी तिला सांगितलं. "ताप, जळजळ, दमणूक, कशानेही वर जातो. काही आठवड्यांनी पुन्हा करायची. तोही वर आला तर खरं. मग गोळ्या सुरू करतात, आणि वेळेवर सुरू केल्या तर किडनी टिकते."

तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "कारखान्यात बोलू नकोस. माझी तीन वर्षं उरलीत. आजारी बाईला ते मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवतात."

"नाही बोलत," मी म्हटलं.

आणि सोमवारी तोच कागद पर्समध्ये घालून कारखान्याच्या दवाखान्यात जाऊन बसले. ते बरोबर केलं असं मी म्हणत नाही. पण मला झोप नव्हती आणि कुणाला तरी धारेवर धरल्याशिवाय ती येणार नव्हती.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता, त्याचाच जास्त राग आला. त्याने धाकटीची फाइल उघडली.

"आजी, यांचं सगळं नॉर्मल आहे. प्रोटीन नील."

"तुमच्याकडे साखरेच्या किती बायका आहेत?"

"बावीस."

"काहींना वीस-वीस वर्षं झाली असतील."

"असतील की."

"त्यांतल्या कितींच्या लघवीत प्रोटीन सापडलं?"

"एकीच्याही नाही," तो म्हणाला, आणि जरा खुशीत म्हणाला.

"बावीस जणी, वीस-वीस वर्षांची साखर, आणि एकीच्याही नाही. तुम्हाला कधी नवल नाही वाटलं?"

मी थांबले नाही. दोनशे चौदाचा कागद त्याच्या टेबलावर आपटला. म्हटलं, तुमचं ते पिंप गटारात ओता. म्हटलं, ज्या कुणाच्या डोक्यातून ही चार पेल्यांची अक्कल निघाली, त्याला माझ्यासमोर आणा.

पडद्यामागे कुणीतरी बाटल्या लावत होतं. ते हात थांबले आणि केस पिकलेली नर्स बाहेर आली.

"बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत," ती म्हणाली. "मी तुमच्या हाताखाली शिकायला होते, सहा महिने. चार पेले तुम्हीच सांगितले होते. फळ्यावर लिहून दिलं होतंत. रुग्णाला ताटकळत ठेवू नका, चार पेले पाणी द्या, बाटली भरते. मी तेव्हापासून मोजून चार देते. तीन नाही, पाच नाही."

"माझी बहीण पाच पिते," मी म्हटलं.

फळा आठवला. अक्षर माझंच. त्या काळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माणसं रिकामी बाटली हातात धरून दोन-दोन तास उभी राहत, आणि मला वाटलं होतं मी त्यांची सोय केली. तेव्हा बारीक मोजायचं यंत्र नव्हतं, तेवढं तरी माझ्या बाजूने आहे. पण माझ्या नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत ते यंत्र आलं. मी त्यावर बसले. पाण्याने पट्टी फसते हे मला कळलं, आणि नव्या मुलींना मी नीट शिकवलं. आधीच्या मुली शिकून कारखान्यांत, शाळांत, लहान गावांत पांगल्या होत्या. त्यांना एक कार्डही टाकलं नाही. सांगेल कुणीतरी, असं धरून चालले.

"मी चुकीचं शिकवलं," मी तिला म्हटलं. "ते सोड आता."

"आता म्हणजे कधीपासून?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही तिने. अठ्ठावीस वर्षं ती रांगेतल्या प्रत्येक बाईला पेला भरून देत आली होती.

डॉक्टरने बावीस जणींची नावं काढली. सकाळची पहिली लघवी घरून आणायची, माझ्या जुन्या लॅबला पाठवायची. तो चिठ्ठ्या लिहीत असताना कागद टेबलावर उघडाच होता, धाकटीचं नाव वर. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीतरी तो वाचला आणि दुपारपर्यंत सुपरवायझरला कळलं.

संध्याकाळी ती आली, आत आली नाही. उंबऱ्यावरच उभी राहिली.

"उद्यापासून पॅकिंग."

"मी त्यांच्याशी बोलते—"

"तू आणखी बोलणार? चौदा वर्षांनी मोठी आहेस म्हणून माझ्या लघवीचीही मालक झालीस का, ताई?"

"दुसरी बाटली द्यायची आहे अजून. तिच्याशिवाय हॉस्पिटल गोळ्या सुरू करणार नाही."

"नाही देत," ती म्हणाली आणि गेली.

तीन आठवडे तिने फोन उचलला नाही. नर्स मात्र फोन करून कोरडेपणाने आकडे सांगत होती. एकवीस बाटल्या आल्या. आठ जणींचा आकडा तिसाच्या वर, आणि त्यांतल्या दोघींच्या रक्तात पाहिलं तर किडनीचं काम निम्म्यावर आलेलं. त्या दोघींतली एक धाकटीच्या जुन्या मशीनशेजारी बसते. तिची दरवर्षी नील.

चौथ्या आठवड्यात मी सकाळी सहाला धाकटीच्या घरी गेले. तिने दार उघडलं, माझ्या हातातली बाटली पाहिली, आणि वळून स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासमोर पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. पूर्ण प्यायली. मग दुसरा भरला.

"घे आता तपासून," ती ओठ पुसत म्हणाली.

"पी," मी म्हटलं. "तिसराही पी. या तपासणीला पाणी चालतं. पट्टीलाच चालत नव्हतं. मी इथे बसते."

मी खरंच बसले, मोरीच्या चौकटीला पाठ लावून, जमिनीवर, बाहत्तराव्या वर्षी. ती कामाला जायच्या तयारीत मला दोनदा ओलांडून गेली. साडेसातला तिच्याने राहवेना. तिने माझ्या हातून बाटली हिसकावली आणि दार इतक्या जोरात लावलं की कडी निखळली.

आकडा आला एकशे अठ्ठ्याण्णव. तिने तो बघितला, घडी केली नाही.

गोळ्या आता सुरू आहेत. पॅकिंगमध्ये ती उभी असते, डब्यावर चिकटपट्टी मारते. महिन्याला माझ्याकडे येते, रक्तदाब मोजून घेते, हात पुढे करते आणि भिंतीकडे बघते. मी पट्टा गुंडाळते. ती गेली की टेबलाशी बसते आणि जुन्या विद्यार्थिनींचे पत्ते शोधते. सोळा तुकड्या होत्या. आतापर्यंत एकतीस जणी सापडल्या, त्यांतल्या सव्वीस जणी म्हणाल्या, हो बाई, चार पेले, अजून देतो.