भेट नव्हे

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून सायराकान निवृत्त झाली होती. जानेवारीच्या कडाक्यात ती अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला, उल्कानला, गुडघे दाखवायला डोंगरातल्या नारीन गावाहून राजधानीत घेऊन आली. डॉक्टर दुपारी भेटणार होते. बाहेर बर्फ मी म्हणत होतं, म्हणून दोघी समोरच्या संग्रहालयात शिरल्या.

दुसऱ्या दालनात एका पाळण्यापाशी उल्कान थबकली. वरच्या दांडीवर चांदीचे चार खिळे होते आणि मध्ये एक रिकामं भोक. तिची आई बेगायिम दर बाळंतपणानंतर एक खिळा ठोकायची; एक मूल गेलं तेव्हा तिनं त्याचा खिळा उपटून काढला होता.

“हा टोकाचा माझा,” उल्कान म्हणाली. “आई सांगायची, मला उचलून जमिनीवर ठेवलं आणि पाळणा गाडीत टाकला सरकारी माणसांनी.”

पाटीवर लिहिलं होतं: ‘कष्टकरी कुटुंबाने स्वेच्छेने दिलेली भेट, १९३१.’

सायराकाननं वाचून दाखवलं, तशी म्हातारी ओरडू लागली. माणसं वळून बघायला लागली. मेरिम नावाची तरुण अधिकारी आली. नोंदवहीत भेट असंच आहे, कागद असेल तर दाखवा, असं ती नरमाईनं सांगू लागली.

“नेणाऱ्यांनी पावती नाही दिली गं पोरी,” उल्कान म्हणाली आणि लेकीकडे वळली. “तूही वर्गात हेच शिकवायचीस ना? लोकांनी आपणहून दिलं म्हणून?”

सायराकानच्या कानशिलांत रक्त चढलं. घरी दर हिवाळ्यात ती पाळण्याची गोष्ट ऐकायची आणि सकाळी फळ्यावर, सरकारी पुस्तकात होतं तसं, नेमकं उलट लिहायची. राग कुणाचा आला, तिलाच कळेना. तिनं पर्समधून पेन काढलं, ‘स्वेच्छेने दिलेली भेट’ खोडलं आणि वर लिहिलं: ‘हिसकावून नेला. मालकीण बेगायिम.’

पहारेकऱ्यानं तिचा दंड धरला. पोलीस आले. जबाबात कारण लिहायला सांगितलं, तेव्हा तिनं चार पानं भरून दिली. डॉक्टरांची वेळ टळून गेली.

वसंतात नारीनला मेरिमचा फोन आला. पाटी बदलली होती. आता तिच्यावर एवढंच होतं: ‘पाळणा. लाकूड, चांदी.’

“आणि आईचं नाव?” उल्काननं विचारलं.

“नाही घातलं,” सायराकान म्हणाली.

म्हातारीनं काठी ओढून घेतली. “राजधानीची गाडी कितीची आहे उद्या?”